एकशे दहाला लाल

डॉक्टरांनी रोज चार हजार पावलं सांगितली,
गुडघ्यांसाठी.
कुठे बघत चालायचं ते काही सांगितलं नाही.
मी खाली बघते.

पाथर्डी फाट्याहून आत, पिठाच्या गिरणीपाशी
दौलत धोंडगे येऊन मिळतात.
अठ्ठावीस वर्षं बोअरची गाडी चालवली त्यांनी.
दारांवरच्या पाट्या ते वाचत नाहीत.
'हे गायधनी. वीस फूट मुरूम, मग नुसता काळा पाषाण,
दोन बिटं खाल्ली यांनी माझी.
त्या पिवळ्या बंगल्याखाली मांजऱ्या लागला,
साय काढावी तसा निघाला.
आणि तुमच्याकडे, बाई...'
इथे ते दरवेळी थांबतात, चपलेतला खडा झटकतात.
'तुमच्याकडे एकशे दहाला लाल लागला.
पाणी नाही. नुसता लाल.'

आठवतं मला.
अंगणभर रेंदा, तुळशीवर, स्कूटरवर,
दोरीवरच्या धुतल्या चादरींवर.
किती बोलले होते मी त्यांना.
ते मशीनच्या आवाजात
हो हो म्हणत होते.

चौकात आता बारा मजले होतायत,
त्यासाठी आधी तीन मजले खाली.
हिरव्या जाळीला एक भोक आहे, आमच्या दोघांच्या उंचीचं.
वर वीतभर काळी माती, तिच्यात गुटख्याच्या पुड्या,
मग मुरूम, मग काळा,
मग एकदम ती, हातभर रुंद,
आव्यातून आत्ताच काढल्यासारखी.
'भूजलवाले साहेब सांगायचे,' धोंडगे म्हणाले,
'एक लाव्हा आला, थिजला.
मग पुष्कळ काळ कोणीच आलं नाही.
ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, दगडाची माती झाली.
मग वरून दुसरा आला आणि तिला भाजून बसला.'
पुष्कळ म्हणजे किती?
'मला काय ठाऊक. मी तिथून
अडीच मिनिटांत पार झालो.'

समोर पांडवलेणीचा डोंगर, पायऱ्या-पायऱ्यांचा.
लेणी बरोबर मधेच का कोरली असतील?
धोंडगे म्हणतात, त्यांनीही आधी ठोकून ऐकला असणार.
बद्द वाजला की सोडायचा.

मी नोटांच्या प्रेसमध्ये होते, तपासणीला.
एकतीस वर्षं दोष शोधला:
सरकलेली शाई, दुमडलेला कोपरा, सुईच्या टोकाएवढं छिद्र.
म्हणून बांधकामाबाहेर ओतलेल्या खडीत
तो एकच तुकडा मला दिसला.
छिद्रंच छिद्रं. आमच्याकडे हा सरळ रद्दीत गेला असता.
त्यातल्या एका छिद्रात, वाटाण्याएवढ्या,
पांढरे कण, टोकदार, दाटीवाटीने उभे.
एक किंचित हिरवा.
बुडबुडा होता म्हणे तो, वाफेचा.
वाफ गेली, जागा राहिली,
मग तिथे पाणी झिरपत राहिलं
आणि जाताना थोडं थोडं ठेवून गेलं.

सवयीने मी तो उजेडाकडे धरला.
सवयीने पाण्याची खूण शोधली.

होती.

मंगळवारी खड्ड्याच्या भिंतीवर
सिमेंट फवारलं. सगळं करडं.
धोंडगे मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी,
हिरवी पट्टी डोळ्याला, चिडलेले.
मी एकटीच चालले.
गायधनींच्या फाटकाशी तोंडातून आपोआप आलं,
वीस फूट मुरूम.
फाटकातला मुलगा म्हणाला, काय आजी?
मी म्हटलं, काही नाही रे,
तुझ्या घराचा पत्ता.

त्या चादरींतली एक अजून आहे.
काठापाशी लाल ओघळ, कशानेच न निघालेला.
इतकी वर्षं गादीखाली घालत होते.
आता दिवाणावर घातली आहे, ओघळ वरच्या बाजूला.
धोंडगे पट्टी काढून चहाला येऊन गेले, दोनदा.
तिच्यावरच बसले.
बशीत ओतून चहा प्यायले, साखर कमी म्हणाले.
त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.